जपानी शिकायचीय? मग मध्ये इंग्रजीला बसवू नका

'चूल' हा शब्द एकदा मोठ्याने म्हणा. आता 'चिमणी' म्हणा. दोन्ही शब्द 'च'नेच सुरू होतात, पण चुलीचा च दातांच्या मागे फुटतो आणि चिमणीचा टाळूला चिकटतो. शाळेत हा फरक फारसा कुणी शिकवत नाही, तरी बहुतेकांकडून चुकत नाही. 'त्सुनामी' या जपानी शब्दातला पहिला आवाज म्हणजे हाच चुलीतला च. इंग्रजी बोलणारा माणूस त्याच्याशी झटापट करतो आणि शेवटी 'सुनामी' म्हणून मोकळा होतो. आपल्याला तो आवाज लहानपणापासून येतो. तो जपानीतही चालतो, एवढंच आपल्याला कुणी सांगितलेलं नसतं.

न सांगितलेलं असं बरंच आहे.

ऑगस्ट २०२५ मध्ये तोक्योमध्ये भारत आणि जपानच्या पंतप्रधानांची भेट झाली. येत्या पाच वर्षांत दोन्ही देशांत मिळून पाच लाख लोकांची ये-जा व्हावी, त्यात भारतातून जपानला जाणारे ५० हजार कुशल लोक असावेत, असं उद्दिष्ट तिथे जाहीर झालं. तेव्हापासून माझ्याकडे येणारा प्रश्न बदललाय. आधी लोक विचारायचे, 'जपानी कशाला शिकलास?' आता विचारतात, 'घरच्या घरी जमेल का?' विचारणाऱ्यांत डिप्लोमा झालेली मुलं आहेत, नर्सिंग केलेल्या मुली आहेत आणि कार्टून बघून वेडी झालेली आठवीतली पोरंही आहेत.

माझं उत्तर असं: जमेल, पण पुस्तक इंग्रजीतलं असलं तरी डोक्यात इंग्रजी नको.

२२०० तासांचा बागुलबुवा

इंटरनेटवर 'जगातली सर्वांत अवघड भाषा' असं शोधलंत की एक आकडा हमखास समोर येतो: २२०० तास. अमेरिकेचं परराष्ट्र खातं आपल्या अधिकाऱ्यांना भाषा शिकवतं. जपानी नीट यायला वर्गातले सुमारे २२०० तास लागतात, असा त्यांचा हिशोब आहे. आकडा खरा आहे, पण तो इंग्रजी मातृभाषा असलेल्यांचा आहे.

इंग्रजीत क्रियापद वाक्याच्या मध्ये येतं, जपानीत शेवटी. इंग्रजी शब्दयोगी अव्ययं नामाच्या आधी लावते, जपानी नंतर. त्या अधिकाऱ्याला प्रत्येक वाक्य उलटं करून बघावं लागतं. मग तो त्याच्या देशबांधवांसाठी पुस्तक लिहितो. त्यात क्रियापद शेवटी का येतं यावर चार पानं खर्ची घालतो, आणि आपण कोल्हापुरात बसून ती चार पानं घाम गाळत वाचतो. जे आपल्याला येतंच, ते अवघड कसं आहे हे आपण इंग्रजीतून शिकतो! पुण्याहून साताऱ्याला जाताना वाशीला वळसा घालावा, तशातला प्रकार.

वाक्य आपल्याच घाटाचं

एक वाक्य घेऊ: मी काल मित्राबरोबर पुण्याहून मुंबईला ट्रेनने गेलो.

जपानीत: वाताशि वा किनोऽ तोमोदाचि तो पुने कारा मुंबइ नि देन्शा दे इकिमाशिता. (ऽ दिसेल तिथे आधीचा स्वर एका मात्रेने लांबवायचा.)

आता दोन्ही वाक्यं शेजारी ठेवा. 'किनोऽ' म्हणजे काल. 'तोमोदाचि तो' म्हणजे मित्रा-बरोबर. 'पुने कारा' म्हणजे पुण्या-हून, 'मुंबइ नि' म्हणजे मुंबई-ला, 'देन्शा दे' म्हणजे ट्रेन-ने. शेवटी 'इकिमाशिता', गेलो. एकही तुकडा जागचा हलवावा लागला नाही. या 'तो, कारा, नि, दे'ना पुस्तकांत पार्टिकल म्हणतात. आपल्यासाठी ते विभक्तिप्रत्ययच. आपल्यापेक्षा सोपेसुद्धा, कारण 'पुणे'चं 'पुण्या' करणारं सामान्यरूप तिथे नाही. शब्द जसा आहे तसा ठेवायचा आणि मागे प्रत्यय चिकटवायचा.

प्रश्न विचारायचा असेल तर वाक्याच्या शेवटी 'का' लावायचा. 'इकिमासु का?' म्हणजे 'जाता का?' समोरच्याची संमती काढायची असेल तर 'ने'. 'सामुइ देसु ने', 'थंडी आहे ना'. हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक मिटून एकटाच हसलो होतो.

खरी मजा जोडक्रियापदांत आहे. आपण 'खा' एवढंच म्हणत नाही. 'खाऊन बघ' म्हणतो, 'करून ठेव' म्हणतो, 'खाऊन टाकलं' म्हणतो. जपानीत 'ऊन'च्या जागी 'ते' येतं. 'ताबेते मिते' म्हणजे खाऊन बघ, आणि 'मिरु' या क्रियापदाचा मूळ अर्थ बघणे हाच. 'शिते ओइते' म्हणजे करून ठेव, आणि 'ओकु' म्हणजे ठेवणे. 'ताबेते शिमात्ता' म्हणजे खाऊन टाकलं. इंग्रजी पुस्तकात या तीन रचना तीन वेगळ्या धड्यांत येतात, 'प्रयत्न करणे', 'पूर्वतयारी म्हणून करणे', 'पश्चात्तापदर्शक' अशा भारदस्त मथळ्यांखाली. तुम्ही त्या रोज स्वयंपाकघरात वापरता.

आणखी दोन उदाहरणं देतो आणि थांबतो, नाहीतर याच्यातच लेख संपेल. 'काल घेतलेलं पुस्तक' म्हणजे 'किनोऽ कात्ता होन'. वर्णन आधी, नाम नंतर, 'जे की' वगैरेची भानगड नाही. आणि 'मला जपानी येते' असं आपण म्हणतो, म्हणजे येणारी भाषा असते, आपण नाही. जपानीतही 'निहोंगो गा देकिमासु'मध्ये जमणारी गोष्ट निहोंगो, म्हणजे जपानी भाषाच असते.

याचा अर्थ मराठी आणि जपानी बहिणी आहेत असा नाही. कुळं पूर्ण वेगळी आहेत. क्रियापद शेवटी ठेवणाऱ्या भाषांची बाकीची मांडणीही साधारण एका वळणाची होते, म्हणून हे साम्य. कोरियन, तुर्की, तमिळ, हिंदी बोलणाऱ्यांनाही यातलं बरंच फुकट मिळतं. त्यामुळे सोशल मीडियावर 'जपानीचा उगम मराठीत' अशी पोस्ट आली तर पुढे पाठवू नका.

'वा' आणि 'गा'चं काय?

नवशिक्यांना सगळ्यांत जास्त छळणारी जोडी ही. दोन्ही कर्त्याच्या मागे लागताना दिसतात, मग फरक काय?

'वा' म्हणजे 'चं म्हणाल तर'. आधी विषय टेबलावर ठेवायचा, मग त्याबद्दल बोलायचं. 'गा' खऱ्या कर्त्याकडे बोट दाखवतं. व्याकरणाच्या चर्चेत कायम येणारं वाक्य आहे: 'झोऽ वा हाना गा नागाइ'. झोऽ म्हणजे हत्ती, हाना म्हणजे नाक, नागाइ म्हणजे लांब. हत्तीचं म्हणाल तर, सोंड लांब. इंग्रजीतून हे समजून घेताना 'हत्ती हा कर्ता की नाक?' यावर मी जवळजवळ महिना घालवला. मराठीत ते बोलण्यातलं साधं वाक्य आहे: 'हत्ती ना, सोंड लांब असते त्याची.'

'कोण आलं?' याचं उत्तर देताना ज्या नावावर जोर येतो त्याला 'गा'. 'राम काय करतोय?' याचं उत्तर देताना रामाला 'वा', कारण तो आधीच टेबलावर आहे. याने प्रत्येक वाक्य सुटणार नाही, पण पहिलं वर्ष निघून जाईल.

पण लिप्या तीन आहेत ना?

आहेत. हिरागाना, काताकाना आणि कांजी. पहिल्या दोन ध्वनी दाखवतात, प्रत्येकी ४६ मूळ अक्षरं. तिसरी चित्रलिपीसारखी, तिच्याकडे नंतर येऊ.

एकाच भाषेला दोन लिप्या हा विचार आपल्याला नवा नसावा. आपल्या पणजोबांच्या काळी हिशोबाची वही मोडीत आणि पोथी बाळबोधीत, असा मामला होताच. हिरागाना मोडीसारखी वळणदार, चिनी अक्षरं भरभर लिहिता लिहिता घडलेली. काताकाना टोकदार. बौद्ध भिक्षूंनी ग्रंथ वाचताना खुणेसाठी चिनी अक्षरांचे तुकडे उचलले, त्यातून ती झाली. आज व्याकरणाचे प्रत्यय आणि देशी शब्द हिरागानात लिहितात, परदेशातून आलेले शब्द काताकानात.

त्या परदेशी शब्दांत एक आपला सोबतीही आहे. जपानीत ब्रेडला 'पान' म्हणतात. पोर्तुगीजांकडून आलेला शब्द. आपला 'पाव' त्याच पोर्तुगीज शब्दावरून आला. गोव्याहून निघालेली जहाजं तिथेही जात होती. १५४८ मध्ये आंजिरोऽ नावाचा एक जपानी माणूस गोव्यात येऊन सेंट पॉल कॉलेजात पोर्तुगीज शिकला आणि पुढच्या वर्षी फ्रान्सिस झेवियरबरोबर कागोशिमाला परतला. परक्या मुलखात परकी भाषा शिकणाऱ्यांपैकी हा आपल्याकडचा जुना पाहुणा.

आता अक्षरांचा क्रम बघा. स्वर: अ, इ, उ, ए, ओ. व्यंजनं: क, स, त, न, ह, म, य, र, व. ओळखीचं वाटतं? आपली वर्णमाला क, च, ट, त, प या वर्गांनी जाते आणि मग य, र, ल, व. जपानीत ट नाही, ल नाही, ते गळले. राहता राहिले च आणि प. त्यांच्या खुर्च्यांवर स आणि ह बसलेत. अभ्यासक सांगतात की जुन्या जपानीत त्या 'स'चा उच्चार च-च्या जवळचा होता आणि 'ह'चा उच्चार चक्क 'प' होता. पुरावा आजच्या लिपीतही आहे. अक्षराच्या डोक्यावर दोन छोट्या रेघा मारल्या की क-चा ग होतो, त-चा द होतो आणि ह-चा होतो ब! ह आणि ब यांचं एरवी काय नातं? काहीच नाही. पण प आणि ब एकाच वर्गातले.

हा योगायोग नाही. चीनमार्गे जपानला पोहोचलेल्या बौद्ध भिक्षूंनी संस्कृत मंत्रांसाठी सिद्धम् लिपी आणि तिच्याबरोबर वर्णमालेचं शास्त्र नेलं. कूऽकाइ हा भिक्षू ८०६ मध्ये चीनहून परतताना ते घेऊन आला. त्याने वसवलेल्या कोऽया पर्वतावर आजही समाध्यांवर सिद्धम् अक्षरं कोरलेली दिसतात. वाकायामा प्रांतातल्या त्याच कोऽयासान विद्यापीठात २०१५ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा पुतळा उभा राहिला. साधारण हजार वर्षांपूर्वी त्या वर्णमालेच्या चौकटीत जपानी अक्षरं बसवली गेली, आणि आज जपानी शब्दकोशापासून मोबाइलमधल्या नावांच्या यादीपर्यंत सगळं त्याच क्रमाने लागतं. इंग्रजी बोलणारा तो क्रम घोकतो. तुम्हाला फक्त कुठली खुर्ची रिकामी आहे ते लक्षात ठेवायचंय.

मग देवनागरीतच लिहून शिकलं तर?

नका. हा माझ्या अनुभवाचा सल्ला आहे. मी पहिले तीन महिने सगळी वही देवनागरीत भरली. बोलायला थोडंफार यायला लागलं आणि वाचायला शून्य. मग दोन्ही लिप्या नव्याने शिकताना डोळा सारखा देवनागरीकडे पळायचा.

देवनागरी उच्चारासाठी छान आहे, रोमन लिपीपेक्षा तर कितीतरी. जपानी 'त' आपला त आहे, ट नव्हे. शहराचं नाव तोऽक्योऽ, 'टोकियो' आपल्याकडे इंग्रजीवरून आलं. अनुस्वाराचं वागणंही तेच: 'चंपा'मध्ये म् ऐकू येतो, 'चंदन'मध्ये न्, 'चंगळ'मध्ये ङ्. जपानीतलं 'न्'चं एकच अक्षर पुढच्या अक्षराप्रमाणे अगदी असंच रूप बदलतं. 'फु' म्हणताना मात्र दात ओठाला लावायचे नाहीत, फुंकणीने चूल फुंकताना होतात तसे ओठ ठेवायचे.

पण एवढ्या कामापुरतीच देवनागरी वापरा. रोज दहा अक्षरं घेतली तर हिरागाना आठवड्यात होते, काताकानाला आणखी एक. त्यानंतर वहीत देवनागरी बंद.

कांजी: १ला, हात आणि हस्तकला

इथे बहुतेकजण गळतात, त्यामुळे जरा रेंगाळू.

कांजी म्हणजे चीनकडून घेतलेली अक्षरं. प्रत्येक अक्षराला ध्वनीच्या आधी अर्थ असतो. रोजच्या वापरासाठी सरकारने ठरवलेल्या यादीत २१३६ अक्षरं आहेत, त्यातली १०२६ प्राथमिक शाळेतच शिकवतात. यादी लांब आहेच, पण छळ होतो तो दुसऱ्याच गोष्टीने: एकच अक्षर वेगवेगळ्या ठिकाणी वेगवेगळं वाचलं जातं.

आता हे बघा: '१'. काय वाचलंत? एक. आणि '१ला'? पहिला. चिन्ह तेच, वाचन पार वेगळं. आणि ते कसं वाचायचं हे मागच्या 'ला'ने सांगितलं. कांजीच्या मागे हिरागानाची शेपटी लागते ती याच कामासाठी.

दोन वाचनं का? मराठीत हात आहे आणि हस्त आहे. सुटा शब्द 'हात', पण 'कला' जोडली की 'हस्तकला', 'हातकला' नव्हे. पाणी आणि जलाशय, आग आणि अग्निशामक. घरचा शब्द एक, विद्वानांच्या भाषेतून उसना घेतलेला दुसरा. आपण संस्कृतमधून घेतले, जपान्यांनी चिनीमधून. हाताच्या कांजीचं घरचं वाचन 'ते', उसनं वाचन 'शु'. हस्तकलेला म्हणतात 'शुगेइ', त्यात 'शु' म्हणजे हस्त आणि 'गेइ' म्हणजे कला. पाण्याचं घरचं वाचन 'मिझु', उसनं 'सुइ'. सुटं अक्षर असेल तर बहुधा घरचं वाचन, जोडशब्दात बहुधा उसनं. अपवाद आहेत, पत्राला 'तेगामि' म्हणतात, तिथे हात 'ते'च राहतो. तरी वहिवाट हीच.

वारांची नावं शिकताना तर मराठी माणसाला काही करावंच लागत नाही. सूर्य, चंद्र, मंगळ, बुध, गुरू, शुक्र, शनी, हाच क्रम, हेच ग्रह. बुध ग्रहाला तिथे 'जलतारा' म्हणतात, म्हणून बुधवार म्हणजे 'सुइयोऽबि'. सुइ भेटला ना परत?

आणि ही अक्षरं म्हणजे २१३६ वेगवेगळी चित्रं नव्हेत. झाडाचं एक अक्षर आहे. दोन झाडं शेजारी काढली की राई, तीन काढली की रान. माणूस झाडाला टेकला की विश्रांती. थोडे घटक परत परत येतात, जोडाक्षरांसारखे.

'जपान्यांनी ही कटकट टाकून का दिली नाही?' हा रास्त प्रश्न. एक कारण असं की जपानीत ध्वनी थोडे, त्यामुळे सारखे ऐकू येणारे शब्द फार. आपला 'कर' कसा, हातही, सरकारी वसुलीही आणि आज्ञाही? तिथे असे ढीग आहेत. 'कागाकु' म्हणजे विज्ञान आणि 'कागाकु' म्हणजेच रसायनशास्त्र! त्यातून लिहिताना शब्दांमध्ये जागा सोडत नाहीत. कांजी नसती तर वाचणाऱ्याचे हाल झाले असते. वर्षभरानंतर बऱ्याच जणांना उलटा अनुभव येतो: नुसत्या हिरागानात लिहिलेला मजकूर वाचायला जास्त त्रास होतो.

सुटी कांजी घोकू नका, शब्द शिका. 'शु' हे वाचन पाठ करण्यापेक्षा 'शुगेइ' आणि 'शुजुत्सु' (शस्त्रक्रिया) हे दोन शब्द लक्षात राहिले की 'शु' आपोआप राहतो.

मराठी जिथे हात टेकते

मराठीचे गोडवे पुरे. जिथे ती कामाला येत नाही, किंवा आडवी येते, ते आता.

पहिलं म्हणजे ऱ्हस्व-दीर्घ. शाळेत ज्याने मार्क खाल्ले तेच इथे परत भेटतं. आपण ऱ्हस्व-दीर्घ लिहिताना पाळतो, बोलताना शब्दाच्या शेवटचा स्वर लांबतोच. जपानीत लांबी बदलली की अर्थ बदलतो. 'ओबासान' म्हणजे मावशी, 'ओबाऽसान' म्हणजे आजी. 'बिरु' म्हणजे इमारत, 'बीरु' म्हणजे बिअर. मी एका जपानी पाहुण्याला 'माझं ऑफिस त्या उंच बिअरमध्ये आहे' असं मोठ्या आत्मविश्वासाने सांगितलंय. सभ्य माणूस होता, हसला नाही.

यावर उपाय मात्र आपल्याच छंदशास्त्रात आहे. जपानी कान मात्रा मोजतो. 'तोऽक्योऽ' चार मात्रांचं. 'निप्पोन'ही चार मात्रांचं, कारण जोडाक्षराआधीचं अक्षर गुरू आणि शेवटच्या 'न्'ची मात्रा वेगळी. शिरीष पै यांनी मराठीत रुजवलेला हायकू मूळ जपानीत ५-७-५ अशा मात्रांचाच. टेबलावर बोटाने ठेका धरून शब्द म्हणा. फक्त एक ध्यानात ठेवा, आपल्याकडे ए आणि ओ नेहमी गुरू, जपानीत ते लघूही असतात.

दुसरं, विशेषणांना काळ असतो. 'सामुइ' म्हणजे थंड, 'सामुकात्ता' म्हणजे थंड होतं. असं मराठीत काही नाही, निमूट शिकायचं. तिसरं, 'देणे'ची दोन क्रियापदं. मी दुसऱ्याला दिलं तर 'आगेरु', दुसऱ्याने मला दिलं तर 'कुरेरु'. चौथं, स्वराचा चढउतार: 'हाशि' म्हणताना तोक्योच्या बोलीत सूर खाली आला तर जेवायच्या काड्या, वर गेला तर पूल. पहिल्या वर्षी याची चिंता करू नका, पण ऐकत राहा.

बदल्यात दोन सवलती मिळतात. तो जातो, ती जाते, ते जातात, मी जाते, सगळ्यांना एकच 'इकिमासु'. लिंग नाही, वचन नाही, पुरुष नाही. आणि एकोणसत्तर की एकोणऐंशी हा गोंधळ नाही, ६९ म्हणजे सहा-दहा-नऊ, 'रोकुजूऽक्यूऽ'.

कार्टून बघून जपानी येते का?

कान तयार होतो. पण कार्टूनमधली पात्रं आपसांत अरे-तुरे करतात, आणि नायक तर जरा जास्तच. ती भाषा ऑफिसात वापरली तर साहेबांना 'ए, इकडे ये' म्हटल्यासारखं होईल. म्हणून पुस्तकं 'मासु'वाल्या क्रियापदांपासून सुरुवात करतात. ते आपलं 'तुम्ही'चं रूप समजा, परक्या माणसाशी निर्धास्त वापरायचं.

त्याच्या वरचा मजला म्हणजे 'केइगो', आदराची भाषा. तिथे समोरच्याने खाल्लं तर एक क्रियापद, मी खाल्लं तर दुसरं, नम्र. आपल्या जुन्या पत्रांत लोक स्वतःच्या वाड्याला 'गरिबाची झोपडी' म्हणायचे आणि पाहुण्याच्या पायाला 'चरणकमल', तसलाच कारभार. तो समजणं आपल्याला जड जात नाही, वापरणं जातं. एकट्याने शिकणाऱ्याने तो सध्या ओळखण्यापुरताच ठेवावा.

एकट्याने कुठपर्यंत?

माझ्या अंदाजाने रोज तासभर दिला तर पाच-सहा महिन्यांत पहिली पायरी चढता येते. रविवारी चार तास बसण्यापेक्षा रोजची चाळीस मिनिटं बरी. शब्दांसाठी अंकी नावाचं ॲप आहे, अँड्रॉइडवर आणि संगणकावर मोफत. जपानीत 'आंकि' म्हणजे पाठांतर. तुम्ही विसरायच्या बेतात असता तेव्हा ते शब्द पुन्हा विचारतं, आला तर जास्त दिवसांनी, चुकला तर लवकर. पाढे म्हणून घेणाऱ्या आजोबांचीच युक्ती, फक्त वही ठेवणारी. धड्यांसाठी जपान फाउंडेशनचे मोफत ऑनलाइन अभ्यासक्रम आहेत. एनएचके वर्ल्डचे छोटे पाठ हिंदीतूनही मिळतात, आणि इंग्रजीपेक्षा हिंदीतून घेणं केव्हाही फायद्याचं.

बोलण्यासाठी ध्वनिफीत लावून बोलणाऱ्याच्या मागोमाग, अर्ध्या शब्दाच्या अंतराने म्हणत जायचं. लहानपणी आरत्या आपण अशाच शिकलो. पण आरतीतले चुकीचे शब्द जन्मभर ठणकावून म्हणणारे एक काका प्रत्येक घरात असतात, हेही विसरू नका. एकट्याने शिकण्यातला खरा धोका तोच, चूक सांगणारं कुणी नसतं. त्यामुळे पहिल्या चार महिन्यांनंतर आठवड्यातून एकदा तरी कुणाला तरी ऐकवा, मग तो शिक्षक असो की वरच्या वर्गातला विद्यार्थी. पुण्यात हे अवघड नाही, रानडे इन्स्टिट्यूटपासून गल्लीबोळांतल्या वर्गांपर्यंत जपानी शिकणारे सापडतात.

परीक्षा हवीच असेल तर जेएलपीटी, म्हणजे जपानी भाषा किती येते हे तपासणारी परीक्षा. १९८४ पासून चालते, २०१० पासून तिच्या पाच पायऱ्या आहेत, सर्वांत खालची एन५, वरची एन१. जुलै आणि डिसेंबरच्या पहिल्या रविवारी होते, केंद्रं पुण्यात आणि मुंबईतही असतात. एन५ला १८० पैकी ८० गुण लागतात, आणि ऐकण्याच्या भागात ६० पैकी किमान १९. सगळे प्रश्न पर्याय निवडण्याचे. बोलायचं नाही, लिहायचंही नाही! त्यामुळे एन३ झालेला माणूस तोक्योच्या दुकानात गप्प उभा राहिलेला दिसला तर नवल नाही.

एन५ झाल्यावर नोकरी मिळेल?

फक्त तेवढ्यावर, नाही. एप्रिल २०१९ पासून जपानने 'विशिष्ट कौशल्य' नावाचा व्हिसा सुरू केला. वृद्धसेवा, शेती, उपाहारगृहं, बांधकाम अशा कामांसाठी. त्याला सर्वसाधारणपणे एन४ किंवा जेएफटी-बेसिक ही परीक्षा आणि शिवाय त्या कामाची कौशल्य परीक्षा लागते. ऑफिसातल्या, भाषेवर चालणाऱ्या कामांना सहसा एन२ मागतात. 'तीन महिन्यांत एन५, लगेच जपान' अशी पाटी दिसली तर पैसे भरण्याआधी हे दोन आकडे आठवा.

आणि मोबाइल भाषांतर करत असताना एवढं कशाला?

रेल्वेची पाटी, औषधाची चिठ्ठी, बिनदिक्कत मोबाइलवर सोपवा. पण जपानी माणूस कर्ता सहसा गाळतो. मैत्रिणीने मैत्रिणीला निरोप पाठवला: 'ताबेता?' एकच शब्द. कोणी खाल्लं, काय खाल्लं, काही नाही. इंग्रजीच्या वाटेने आलेलं भाषांतर तिथे 'तुम्ही' घालेल, 'खाल्ले का' करेल आणि 'तुम्ही ते खाल्ले का?' असं चौकशी समितीचं वाक्य हातात ठेवेल. मराठीत ते एवढंच आहे: 'जेवलीस?'